तव्यावरून फिरवलेल्या काड्या

ओल्या गोणपाटाचा वास आला की माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप मुठीत जातं. वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलं, पण बोटाला वय कळत नाही. त्याच्या टोकाला भाजल्याचा गुळगुळीत डाग आहे, तिथं रेघाच नाहीत. रेशनच्या दुकानात ते बोट लावलं तर यंत्र मला ओळखतच नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, दुसरं बोट लावा." मी लावते.

गेल्या माघात आक्काकडं गेले होते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कळंबच्या पुढं, घोडनदीकडच्या वस्तीवर तिला दिली, त्याला साठ वर्षं होऊन गेली. मी गेले त्या सकाळी तिच्या नातवानं नर्सरीतून अंजिराची रोपं आणली होती. काळ्या पिशव्यांतली, वरून ओलं गोणपाट गुंडाळलेली. नातसून ती टेम्पोतून उतरवून घेत होती. एक पिशवी कलंडली आणि आक्काच्या पायाशी आली. आक्का वाकली, हात पुढं केला, आणि मध्येच मागं घेतला.

"तूच उचल गं बाई," ती नातसुनेला म्हणाली. "माझा हात कडू हाय."

नातसून हसली. म्हाताऱ्या माणसाचं खूळ, असं तिला वाटत असणार. मला हसू आलं नाही. मी ओट्यावर बसले होते, वास नाकात गेला होता, आणि बोट मुठीत होतं.

आमचं माहेर जुन्नरच्या खाली, कुकडीच्या काठाला. माळ्याचं घर. मागं वळलं की शिवनेरी, पुढं नदीचं पात्र, आणि मध्ये आमची अंजिराची वीस-बावीस झाडं. पातळ सालीचं, आत लालभडक, देठाशी मधाचा थेंब धरून बसलेलं अंजीर. तसं अंजीर दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. आई हे येताजाता सांगायची, आणि खोटं कशाला बोलू, ते खरंच होतं. जुन्नरचे बागवानचाचा पाट्या भरून न्यायचे, आणि त्यांच्या दुकानात आमच्या पाट्या पुढं मांडलेल्या असायच्या.

अंजीर बियांनी लावत नाहीत. काडी लावतात. पण जुन्नरची पौषातली थंडी तुम्हाला ठाऊक नसेल. सकाळी मोटेचा नाडा हातात धरवत नाही. अशा थंडीत काडी उघड्यावर लावली तर आखडते. म्हणून आमच्याकडं काड्या घरात रुजवायच्या. चुलीच्या भिंतीला पाठ लावून एक बोळकंडीएवढी खोली होती, तिला खिडकी नव्हती. तिला आम्ही काड्यांची खोली म्हणायचो. दोन फुटके रांजण कमरेत कापून तिथं ठेवलेले, त्यांत कुकडीची वाळू आणि चाळलेली राख. वीतभर लांबीच्या, चार-चार डोळ्यांच्या काड्या कापायच्या, चीक एक दिवस वाळू द्यायचा, मग जुड्या बांधून त्या वाळूत उलट्या रोवायच्या. होय, उलट्या. डोकं खाली, बूड वर. वर ओलं गोणपाट. बुडाला चुलीची ऊब लागायची आणि डोळे खाली गारव्यात झोपून राहायचे. बारा दिवसांनी जुड्या सुलट करायच्या. होळीच्या आसपास बुडाला पांढरी मुळं दिसायची, तांदळाच्या कणीएवढी. पाडव्याला काड्या बाहेर मातीत जायच्या.

त्या खोलीचा वास मला अजून जसाच्या तसा आठवतो. ऊबट वाळू, भिजलेला ताग, चिकाचा हिरवट उग्र वास, आणि भिंतीपलीकडं भाजणाऱ्या भाकरीचा. आत चपला घालून जायचं नाही, शिंकायचं नाही. "फुटल्या का?" असं तर चुकूनही विचारायचं नाही. आई गोणपाट उचलायची तेव्हा तिचा चेहरा इतका मऊ व्हायचा की वाटायचं, ही बाई आपल्याकडं एकदा तरी असं बघेल का. आम्हा पोरींकडं तिनं तसं पाहिल्याचं मला आठवत नाही.

आक्काचं लग्न होईस्तोवर मला तिथं पाऊल टाकायची बंदी होती. आई आणि आक्का आत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मी बाहेर दाराच्या फटीला नाक लावून बसायची. त्या वर्षी मार्गशीर्षात आक्का सासरी गेली, आणि पौषात आईनं मला हाक मारली.

"चिंगे, ये हिकडं. हात धुऊन ये."

मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, मला राज्य मिळालं.

काड्या मागायला माणसं यायची. फाल्गुन संपत आला की कुणी ना कुणी दारात. वाणेवाडीचा पाहुणा, नदीपलीकडची माळीण, शाळेचे मास्तर. "वहिनी, तुमच्या अंजिराची एक काडी द्या की." आई कुणालाही नाही म्हणायची नाही. "मागितलेली काडी न्हाई म्हनू न्हाई," ती सांगायची, "झाडाला तळतळाट लागतो." मग पाहुण्याला पाणी द्यायची, गूळ द्यायची, आणि हसून म्हणायची, "बसा हां, आतून आनते."

आत चुलीवर तवा असायचा.

मुळं धरलेली, डोळे टरारलेली चांगली काडी आई वाळूतून काढायची. ती माझ्या हातात द्यायची. मी तिचा खालचा चार बोटांएवढा भाग तापल्या तव्यावर ठेवायची आणि सात वेळा राम म्हणायची, प्रत्येक रामाला काडी थोडी फिरवायची, म्हणजे चहूबाजूंनी सारखी बसते. पांढरी मुळं चर्र करून वाकायची. सातवा राम झाला की आई काडी घ्यायची आणि भाजलेल्या बुडाला शेणमातीचा गोळा चढवायची. वर हळदकुंकू लावायची. बाहेर जाऊन दोन्ही हातांनी द्यायची.

"गोळा फोडू नका बरं का. आत मुळं हायेत, वारा लागला की मरत्यात. असाच मातीत ठेवा. रोज पानी घाला."

पहिल्याच दिवशी माझं बोट तव्याला लागलं. मी ओरडणार तर आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. बाहेर पाहुणा बसला होता ना! नंतर तिनं बोटाला चुना लावला आणि म्हणाली, "ह्ये घरात फकस्त तुला न मला ठावं. दादालाबी न्हाई. आक्कालाबी न्हाई. कुनाला बोललीस तर जीभ हासडून ठेवीन." दादा म्हणजे आमचे वडील. मी मान हलवली. बोट ठणकत होतं आणि मला आनंद झाला होता. आईनं आक्कालासुद्धा न सांगितलेली गोष्ट मला सांगितली होती!

आणि त्या काडीची करणी बघा. ती लगेच मरत नाही. अंगातल्या चिकावर डोळे फुटतात. दोन पानं येतात, कधी चार. हिरवीगार, कोवळी. लावणारा माणूस खूश होतो, शेजाऱ्याला बोलावून दाखवतो. चैत्राचं ऊन चढलं की एका दिवसात सगळं मान टाकतं. मग तो माणूस आम्हाला दोष देत नाही, कारण पानं तर आली होती ना? तो स्वतःच्या हाताकडं बघतो.

बागवानचाचांनी तीन वर्षं काडी नेली. तिसऱ्या वर्षी ओट्यावर बसून त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या काडीत कसूर न्हाई. पानं देते बिचारी. माझ्याच हातात बरकत न्हाई. आता न्हाई नेनार, उगा तिचा जीव जातो." आईनं पदर तोंडाला लावला आणि हळहळली. "असं नका म्हनू चाचा. यंदा सावली करा." मी दाराआड उभी होते. मला हसू आवरेना. आता या वयात ते हसू आठवलं की माझीच मला शिसारी येते, पण तेव्हा खुदखुदत होते हे लिहायलाच हवं.

आक्काच्या सासरी एक रीत होती. नव्या सुनेनं माहेराहून झाडाची काडी आणायची आणि पहिल्या पाडव्याला विहिरीच्या थारोळ्यापाशी लावायची. मोटेचं पाणी पडतं ती जागा, तिथली माती लोण्यासारखी. काडी लागली की ती चार वाफ्यांची जागा त्या सुनेची. तिनं तिथं काय लावायचं ते लावावं, विकावं, कुणी विचारायचं नाही. नाही लागली तर आणखी दोन पाडवे वाट बघायची. तीन पाडवे गेले की जागा दुसऱ्या सुनेला. सासऱ्यानं लग्नातच मांडवात उठून सांगितलं होतं, "आमच्या सूनबाईच्या माहेरी अंजीर लई नामी हाय. आमची विहीर वाटच बघतीया." आक्का खाली मान घालून हसली होती. तिला झाडांचं वेड होतं. त्या चार वाफ्यांत काय काय लावायचं हे ती मला बोटांवर मोजून दाखवायची. अंजीर, कडेनं मोगरा, मध्ये वांगी.

फाल्गुनात दादा आक्काकडं जायला निघाले. आईनं आदल्या दिवशी नऊ काड्या काढल्या. माझा जीव हरखला. इतक्या देखण्या काड्या तिनं कधीच कुणाला दिल्या नव्हत्या. तिनं त्या धुतल्या, ताटात मांडल्या, आणि मला म्हणाली, "तवा ठेव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, या आक्काच्या हायेत."

"ठावं हाय मला."

"मग?"

"लेक दिली म्हंजी बाग न्हाई दिली. राम म्हन."

मी म्हटलं. नऊ काड्या, प्रत्येकीला सात. तोवर आई शेजारी बसून आक्कासाठी रव्याचे लाडू वळत होती. बेदाणा मोजून नाही, मूठभर घातला होता. लाडू आणि जुडी एकाच फडक्यात बांधून तिनं दादांच्या हातात दिली आणि डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं. मी तिचा चेहरा पाहिला होता. इतक्या वर्षांत मला तो काही उलगडला नाही.

पानं आली. चैत्रात गेली. आक्काचा निरोप आला, "जरा ऊन लागलं, पुढल्या साली बघू."

पुढच्या साली पुन्हा नऊ. पुन्हा तवा. त्या वर्षी जुन्नरात भिंतीभिंतीवर कोळशानं संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा लिहिल्या होत्या, शाळेला सारख्या सुट्ट्या पडायच्या, त्यामुळं मी दिवसभर घरात आणि कामात तरबेज. बोट पोळायचं नाही आता. पानं आली, गेली.

त्या दिवाळीला आक्का माहेराला आली. वाळली होती. बोलायची कमी. जावेला दिवस गेले होते, आणि सासू जावेला थारोळ्याच्या जागेत बसवून ऊन खाऊ घालायची, एवढं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आई ओट्यावर सुपात शाळू घेऊन बसली. पेरायचं बी निवडत होती. आक्का शेजारी येऊन बसली आणि सवयीनं सुपात हात घातला. लहानपणापासून दोघी तशाच बसायच्या, एक सूप, दोन हात.

आईनं तिचं मनगट धरलं. जोरात नाही, हळूच. हात उचलून सुपाबाहेर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. बी हाय ह्ये. तुझा हात..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. आक्का आईकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग उठली, कळशी घेतली आणि नदीवर पाण्याला गेली. घरात पाणी भरलेलं होतं.

मला तेव्हा पहिल्यांदा आईची भीती वाटली. तवा मी धरला होता, राम मी म्हटले होते, काडी हिनं दिली होती, आणि हीच आक्काचा हात धरून बाजूला ठेवते? हिला खरंच वाटायला लागलं की काय? मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची रीत नव्हती.

तिसऱ्या फाल्गुनात मी एक काडी वाचवली. आयुष्यात मी केलेलं एकच धाडस. आई नऊ काड्या देऊन पीठ मळायला वळली. दादांनी बाहेरून काहीतरी विचारलं, ती त्यांच्याशी बोलायला लागली. मी पाचवी काडी तव्याच्या वर अधांतरी धरली आणि मोठ्यानं सात राम म्हटले. चर्र आवाज आला नाही, म्हणून तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले. मग आईची वाट न बघता मीच गोळा चढवला. आत पांढरी मुळं होती, करंगळीएवढी लांब. जुडी बांधताना ती मी बरोब्बर मध्ये घातली. खूण केली नाही. आईची नजर घारीची. मनात म्हटलं, खूण कशाला हवी, आक्का नऊच्या नऊ लावणारच, एक लागली की बस्स.

पाडवा गेला. मी रोज वाट बघत होते. वैशाखात दादा जाऊन आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले.

"गेल्या," ते म्हणाले. "यंदा तर पानबी न्हाई फुटलं. पोरगी दोन वेळ पानी घालीत बसल्याली, आन् नुसत्या काटक्या. जागा धाकलीला दिली त्येंनी."

"नशीब एकेकाचं," आई म्हणाली.

आणि मी? मी काय केलं ते सांगते. मी त्या दिवशी घाबरले, आणि आक्काला घाबरले. जळक्या काड्यासुद्धा दोन पानं देतात. माझी तर जिवंत होती, मुळं धरलेली! तिलाही पान फुटलं नाही? मग याचा अर्थ एकच. आईचा तवा एकीकडं, पण आक्काचा हात खरंच कडू आहे, ती लावील ते मरतं. देवाशपथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. सगळं माझ्या अंगावरून उतरलं आणि तिच्या अंगावर गेलं.

त्यानंतर ते अंजीर गेलं, आई गेली, दादा गेले. बागेच्या जागी आता कुणाचं तरी गोडाऊन आहे. मला जुन्नरात दिली, मी चार बुकं शिकले, शुद्ध बोलायला लागले. आक्का माळावरच्या जिरायतीत दगड वेचत राहिली. तिच्या घरात पेरणीची पहिली मूठ तिला कधी धरू दिली नाही. लोणच्याच्या बरणीला हात नाही. नवरीची ओटी भरायला बोलावणं नाही. पोरं झाली, ती जगली, मोठी झाली, तरी नाही. आणि मी, सगळं ठाऊक असलेली, मीही त्यांतलीच. माझ्या सुमीच्या लग्नात हळद दळायला बायका जात्यावर बसल्या. आक्कानं खुंटा धरला. मी हसतहसत गेले, "आक्का, तू पाहुणी, तू कशाला," म्हणाले, आणि तिच्या हातातून खुंटा काढून घेतला. सगळ्यांसमोर. आक्का उठली आणि बाहेर मांडवात जाऊन बसली.

हे सगळं त्या माघातल्या सकाळी ओट्यावर बसून माझ्या डोक्यात फिरत होतं. नातसून रोपं एका ओळीत लावून ठेवत होती. आत चहा उकळत होता. शेवटी मला राहवेना. माणूस मरायच्या आधी कुठंतरी ओकतो.

"आक्का," मी म्हटलं, "तुझा हात कडू नाही. त्या काड्या आईनं जाळून दिल्या होत्या. मी धरल्या होत्या तव्यावर."

आक्का सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता थांबवला नाही.

"मला ठावं हाय की."

"काय ठाऊक आहे?"

"तुज्याआधी तवा कोन धरत व्हतं चिंगे? मीच ना." तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यापुढं धरलं. टोकाला गुळगुळीत डाग. साठ वर्षं मी तो भाकरीचा चटका समजत होते. "पयल्याच साली गोळा फोडला. वास घेतला. तव्याचा वास मला कळनार न्हाई व्हय?"

"मग लावल्यास कशाला?"

"न लावून काय सांगू? माज्या आईनं जाळून दिल्यात? मग माहेर काय ऱ्हायलं माजं?" ती शांतपणे बोलत होती, बाजारहाट सांगावा तसं. "हात कडू म्हनत्यात, म्हनू दे. हात माजा येकटीचा. आई आपल्या समद्यांची व्हती."

"पण तू अजून म्हणतेस. आत्ता म्हणालीस नातसुनेला."

"साट वर्सं म्हनलं की व्हतंय खरं."

"तिसऱ्या वर्षी पानही फुटलं नाही म्हणे."

"कुठून फुटंल? तिसऱ्या साली कटाळा आला मला. दिवाळीला आईनं सुपातनं हात काढला ना, तवाच मन उडालं. दादा जुडी देऊन गेलं, मी सोडलीबी न्हाई. पाडव्याच्या दिशी न्हाणीच्या चुलीत सारली आन् समद्यांच्या आंघुळीचं पानी तापवलं. वल्ल्या व्हत्या, लई धूर झाला. वळचणीला मागल्या सालच्या मेलेल्या काड्या व्हत्या, त्याच वाफ्यात खोवल्या आन् पानी घालीत बसले."

मी गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणी बाई गप्प बसली असती. आणि बसलेही असते, पण आक्कानं सुपारी तोंडात टाकली आणि माझ्याकडं वळली.

"येक इचारू? आईचं कळलं मला. सासरच्यांचं बी कळलं, त्येंना काय ठावं. तुजं कदी कळलं न्हाई. तवा तर तूच धरल्याला. मग सुमीच्या हळदीला माज्या हातातला खुंटा का काढलास गं?"

किती वर्षं तिनं हा प्रश्न जपून ठेवला होता. मला खोटं सुचलं नाही.

"त्या तिसऱ्या जुडीत एक जिती होती, आक्का. मी भाजली नव्हती. मुळं होती तिला. तीही गेली असं कळलं, म्हणून मला वाटलं... तुझा हात..."

आक्काचं तोंड चालायचं थांबलं.

"कुठली?" तिनं विचारलं.

"मधली. मधोमध घातली होती."

"मधली," ती म्हणाली. तिनं हात उलटा केला, पालथा केला, पाहिला. बराच वेळ पाहिला. घोडनदीकडून वारा येत होता, गोणपाटाचा वास हलत होता. आक्का रडेल, शिव्या देईल, असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात नातसून पदर खोचत आली. खड्डे खणून झाले होते. "मावशीआजी," ती मला म्हणाली, "आमच्या आजी तर हात लावत नाहीत. तुम्ही माळ्याच्या घरच्या. पहिलं रोप तुमच्या हातानं लावा ना." तिनं पिशवी माझ्यापुढं धरली.

मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, हळूच. हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "हिला नगं दिऊस. हिचा हात कडू हाय."

नातसून हसली. आजीचं खूळ.

आक्का ओट्याची कड धरून उठली. गुडघे वाजले. साठ वर्षांत रोपाला न लागलेला हात तिनं पिशवीखाली घातला, आणि एकेक पायरी उतरत खड्ड्याकडं गेली. पिशवी फाडली. मुळं नाकाशी नेली, वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. मग खाली बसून माती सारायला लागली.

मी ओट्यावर बसून राहिले. बोट मुठीत होतं. चहा आला तेव्हा तो मी डाव्या हातानं घेतला.